आखाजीला आलेली दुर्बीण

आमच्या सेवा मंडळाचा मी चिटणीस होतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दर शनिवारी दिवेलागणीला शाळेच्या पडवीत जाजम पसरायचं, कंदील टांगायचा, मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचायचा. महिन्यातून एकदा पाहुणा वक्ता. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरल्यानं नारू होतो, हे सांगायला एक डॉक्टर आले होते. पुढच्या रविवारी आम्ही बारव उपसली आणि पायऱ्यांवर काटे टाकून वाट बंद केली. लोकांनी शिव्या घातल्या. आम्हाला वाटलं, सुधारणा अशीच होत असते.

मग धुळ्याच्या एका मास्तरांचं पत्र आलं. त्यांच्याकडे दुर्बीण होती. आखाजीच्या संध्याकाळी चंद्राची कोर मावळतीला असते, तेव्हा चंद्रावरचे खड्डे उत्तम दिसतात, तर त्याच दिवशी येतो, असं त्यांनी कळवलं. मी उलट टपाली होकार धाडून मोकळा झालो. आईला विचारलंसुद्धा नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. वर्षभर सासरी राबणारी पोर त्या दिवशी माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. पण ती आपणहून येत नाही. तिला न्यायला मुऱ्हाळी जावा लागतो, आणि मुऱ्हाळी म्हणजे भाऊ. वडील गेलेले, भाऊ मी एकटाच. माझी धाकटी बहीण म्हसावदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी दिलेली होती. सासर कडक. वर्षातून ही एकच खेप तिला मिळायची.

आई म्हणाली, "तिले घेवाले कोन जाई?"

मी म्हणालो, चार दिवसांनी जाईन. दोंडाईच्याच्या स्टेशनवरून पाहुण्यांना आणायला गाडी आपलीच लागणार आहे. म्हसावदच्या बाजाराला निघालेल्या एका बांगडीवाल्याबरोबर मी तिच्या सासरी निरोप धाडला, की गावात दुर्बिणीतून चंद्र दाखवणार आहेत, चार दिवस उशिरा येतो, आणि ती गोष्ट डोक्यातून काढून टाकली.

कार्यक्रम झकास झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळेच्या मैदानात सगळं गाव लोटलं. सूर्य बुडाला, बारीक कोर दिसू लागली. मास्तरांनी नळी रोखली. मी रांग लावली, ढकलाढकली करणाऱ्यांना दटावलं. एका म्हाताऱ्या पाटलांनी डोळा लावला आणि खवळून म्हणाले, "आठे तं नुसता खड्डाच शेतस!" लोक हसले. चंद्र मावळेपर्यंत रांग संपली नाही. शेवटी आभार मी मानले, चांगले लांबलचक.

चौथ्या दिवशी गाडी जुंपून बहिणीच्या गावी गेलो. सासरे म्हणाले, सण सरला, आता शेतीची कामं पडली आहेत, पुढच्या वर्षी न्या. मी फारसा वाद घातला नाही. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. वाळली होती. तिनं विचारलं, "चांद कसा दिसना, भाऊ?" मी मांडी घालून बसलो आणि तिला सगळं सांगितलं. खड्डे, डोंगर, पाटलांची फजिती. ती नीट ऐकत होती. आत्ता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

श्रावणात ती तापानं गेली. सांगावा आला तेव्हा आईनं पेटीतून कोरं लुगडं काढून माझ्या हातात दिलं. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. हे लुगडं आईनं आखाजीसाठी घेऊन ठेवलं होतं. मी ते काखेत मारून गेलो आणि सगळे विधी उरकून परत आलो. मला रडू आलं नाही.

पुढच्या शनिवारी मंडळानं उभं राहून दुखवट्याचा ठराव केला. 'चिटणिसांच्या भगिनी' असं वृत्तांतात मीच लिहिलं, वळणदार अक्षरात. खाली शाई टिपली आणि पुढचा विषय घेतला. विषय कंदिलाच्या काचेचा होता.

तेराव्याला पुन्हा तिच्या गावी गेलो. पंगत उठल्यावर तिची सासू माझ्याजवळ येऊन बसली. तोवर तिच्याविषयी माझ्या मनात रागच होता. ती म्हणाली, बांगडीवाला सणाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचला. सणाच्या दिवशी निरोप नव्हताच. पोरीनं पहाटे न्हाऊन गाठोडं बांधलं.

"दिवस बुडे तवलग वट्टावर बठेल व्हती. जेवनी बी नही. आम्ही हाका मारूत, तं म्हने, मन्हा भाऊ येनार शे, वाटमा गाडी मोडनी व्हई."

मी मान हलवली. गाडी मोडली नव्हती. दुर्बिणीच्या पेटीला हादरे बसू नयेत म्हणून त्या दिवशी मी बैल हळू हाकले होते.