आढळलं नाही

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांइतकं 'नाही' या शब्दाला घाबरणारं माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरं नसेल. आमचं गाव तोंडावर बोलणारं. दुकानात वस्तू नसली की दुकानदार मान वर न करता 'न्हाय' म्हणतो आणि विषय संपतो. सरांचा विषय तिथं सुरू व्हायचा. भातावर पडणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पिवळ्या पडलेल्या पानाचा रस काढायचा, त्यातल्या विषाणूच्या जनुकाचा एवढासा तुकडा हेरायचा, यंत्रात त्याच्या लाखो प्रती काढायच्या. प्रती निघाल्या तर विषाणू सापडला. निघाल्या नाहीत तर मात्र 'विषाणू नाही' असं लिहायचं नाही, 'आढळला नाही' असं लिहायचं. कारण पान चुकीचं खुडलं असेल, रस बिघडला असेल, विषाणू शेजारच्या पानात बसला असेल. हे सगळं त्यांनी मला जिन्यात समजावलं, तेव्हा माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या वहीत प्रत्येक कामापुढं दोनच रकाने असतात, झालं आणि राहिलं. सरांसाठी मला तिसरा रकाना आखावा लागला. 'सर, वरच्या टाकीत पाणी चढलं का?' असं विचारलं तर उत्तर यायचं, 'चढल्याचं आढळलं नाही.' मग मी स्वतः गच्चीवर जाऊन बघायची. एकदा माझ्याकडं मिसळ खायला आले. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी, कानाच्या पाळ्या लाल. 'फार तिखट झाली का?' म्हटलं, तर नाक पुसत म्हणाले, 'तिखट नसल्याचं आढळलं नाही.'

दारावर डॉक्टर अशी पाटी, त्यामुळं लोक फसायचे. आमच्या दूधवाल्या मामांनी एका सकाळी किटली खाली ठेवून सरळ धोतर वर केलं. 'डाक्टर, गुडघा लई धरलाय बगा. काय तरी करा की!' सरांनी आधी सांगितलं, 'मामा, माझे पेशंट हिरवे असतात.' पण माणूस आशेनं गुडघा पुढं करून उभा आहे म्हटल्यावर चष्मा लावून वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले, 'पिवळेपणा आढळत नाही.' मामा खूश होऊन गेले. पुढं चार दिवस ते सगळ्यांना सांगत होते की गुडघा तपासून घेतलाय.

एकदा प्रयोगशाळेची वीज गेली, तेव्हा सर थर्माकोलचा डबा घेऊन माझ्या दारात. पानांचे नमुने दोन दिवस ठेवायला फ्रीज हवा होता. माझ्या फ्रीजवर आतल्या जिनसांची यादी चिकटवलेली असते. मी शिस्तीत लिहिलं, 'बर्फाचा कप्पा : मटार, खवा, व्हायरस.' लिहिताना विचारलं, 'माणसाला काही होत नाही ना?' सर म्हणाले, 'झाल्याचं आजवर आढळलेलं नाही.' मी खवा बाहेर काढला आणि त्याच दिवशी गुलाबजाम केले. त्यातले निम्मे सरांनीच खाल्ले.

त्या डब्यातला रोग टुंग्रो. त्यात विषाणू दोन. एक झाडाला पिवळं आणि खुरटं करतो, पण त्याला एकट्याला कुठं जाता येत नाही. दुसरा दिसायला गरीब, फारसं काही करत नाही, पण तुडतुडा नावाच्या हिरव्या किड्यावर बसून फिरतो आणि पहिल्याला बरोबर नेतो. सरांनी हे सोसायटीच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, 'म्हंजे आपले चेअरमन आणि त्यांचा मेव्हणा की!' सर गंभीरपणे म्हणाले, 'तसं तपासलेलं नाही.'

माझं माहेर आजऱ्याकडचं. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात काकीचा फोन आला. तिचं घनसाळ, म्हणजे आमच्याकडचं वासाचं भात, पिवळं पडलं होतं. हे बी तिला तिच्या सासूनं दिलेलं. दरवर्षी थोडं पेरायचं, थोडं पत्र्याच्या डब्यात राखायचं. सरांना गाडीत घालून नेलं. त्यांनी चिखलात उतरून पानं खुडली आणि डब्यात भरून आणली. आठ दिवसांनी दोन्ही विषाणू आढळले. ते सांगायला सर फोन न करता माझ्याबरोबर पुन्हा काकीच्या घरी आले.

काकीनं डबा सोप्यात आणून ठेवला होता. चुलतभाऊ बाजूला उभा. तो मला म्हणाला, 'अक्का, आता ह्ये रोगाचं बी कशाला ठेवायचं? भरडून खाऊन टाकू. फुडल्या साली कंपनीचं आणू की.' शेजारचे दोघं-तिघं मान हलवत होते. काकीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती सरांना म्हणाली, 'डाक्टर, माझ्या सासूच्या हातचं बी हाय ह्ये. दुसरीकडं कुटं गावायचं न्हाय. ठिवू का भरडू, तेवढं सांगा.'

सर काय म्हणणार ते मला पाठ होतं. 'बियाण्यातून पसरल्याचं आढळलेलं नाही.' वाक्य बरोबर होतं, पण त्यातली फट चुलतभावानं लगेच धरली असती आणि डबा संध्याकाळच्या आत गिरणीत गेला असता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डब्यात हात घालून मूठभर भात घेतलं.

'नाही,' ते म्हणाले. 'बियाण्यातून हा रोग येत नाही. तुडतुड्यातून येतो. कापणी झाली की उरलेली धसकटं नांगरून टाका, तुडतुड्यांवर लक्ष ठेवा. बी हेच पेरा.'

काकीनं झाकण लावलं. परतीच्या वाटेवर सर घामाघूम होऊन बसले होते. गाडीत एसी चालू होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि मुलीकडं दूर राहायला गेले. वहीतला तिसरा रकाना मी अजून आखते, त्यात लिहायला काही नसतं. गेल्या दिवाळीनंतर काकीनं नव्या तांदळाची पिशवी पाठवली. मी कुकर लावला, वास घरभर पसरला, तेव्हा त्यांना फोन केला. म्हटलं, काकीचं भात उभं राहिलं, चांगलं पिकलं.

'पिवळं पान एकही नाही?' त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

'आढळलं नाही,' मी म्हटलं.

सर म्हणाले, 'अहो, सरळ नाही म्हणा की.'