तुटक रेघेवरचं स्टेशन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि इंदुरात पलासियाला ज्याच्याबरोबर गेली कित्येक वर्षं रोज चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — नाही, तर नसतंच सांगितलं.

आधी एक कबूल करून टाकतो. ओळखीच्या लोकांत मी खवचट म्हणून प्रसिद्ध आहे. भूमिपूजनाचा मांडव, सोन्याचा मुलामा दिलेलं फावडं, ते हातात कसं धरायचं हे ठाऊक नसलेले पाहुणे — हे सगळं बघून मला हसू येतं आणि मी ते लपवत नाही. संस्थानाच्या काळात आमचे पणजोबा इंदूरच्या दरबारात कारकून होते. घरात मात्र ते दिवाण असल्याचं सांगितलं जाई. खरेपणा आणि थाट यांच्यात केवढं अंतर असतं, हे मी असं घरच्या घरीच शिकलो. म्हणून तर मला वाटायचं, इतर कुणीही लोकांना बनवेल, मी नाही.

तेव्हा मी एका सल्लागार कंपनीत होतो. शहर आणि आजूबाजूच्या लहान नगरपरिषदा मिळून केंद्राकडे लाइट रेलसाठी, म्हणजे मेट्रोच्या हलक्या भावंडासाठी, निधी मागणार होत्या. दिल्लीला असा प्रस्ताव पाठवायचा तर त्याला प्रत्येक नगरपरिषदेचा पाठिंब्याचा ठराव जोडावा लागे. ठराव जितके जास्त, तितका प्रस्ताव वजनदार. ठराव गोळा करणं हे माझं काम. बोलायला बरा, मराठी-हिंदी दोन्ही येतं, आणि चेहरा प्रामाणिक — साहेब असंच म्हणाले होते. चेहरा.

अडचण एकच होती. लाइन शहराच्या हद्दीबाहेर थोडीशीच जाऊन थांबत होती. धारच्या रस्त्यावर, बेटम्याच्या बाजूला एक गाव आहे — नाव घेत नाही, त्या गावाचा यात काही दोष नाही — तिथपर्यंत ती पोचतच नव्हती. जी गाडी आपल्याकडे येणारच नाही, तिच्यासाठी कोण ठराव करेल? मी साहेबांना विचारलं. त्यांनी नकाशावर पेन ठेवलं आणि लाइन जिथे संपत होती तिथून पुढे त्या गावापर्यंत एक तुटक रेघ ओढून दाखवली. म्हणाले, "डॉटेड है ना भिया. डॉटेड का क्या है, उसमें पटरी थोड़ी लगती है."

मी हसलो. खरंच हसलो, मला ते वाक्य आवडलं होतं. आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे काहीच नाही — 'पुढेमागे, जमलं तर.' नकाशाचा एक कोपरा रिकामा दिसू नये म्हणूनसुद्धा आम्ही ती ओढत असू. हे आम्हाला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. हे मी तेव्हा ध्यानात घेतलं नव्हतं असं म्हणू का? घेतलं होतं.

त्या नगरपरिषदेच्या अध्यक्ष मंदाताई. गावातल्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, आणि एकाच गोष्टीसाठी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या. गावातल्या मुलींना अकरावी-बारावीच्या क्लासला बसने पलासियाला जावं लागे. परत येईतो अंधार पडे. दोन-चार महिने झाले की घरचे म्हणत, पुरे झालं. म्हणून शाळेमागच्या मोकळ्या जागेवर मंदाताईंना मुलींसाठी अभ्यासिका बांधायची होती. दिवे, पुस्तकं, शिकवायला कुणीतरी. अख्ख्या प्रचारात त्या दुसरं काही बोललेल्या नव्हत्या म्हणे.

सभागृहात मी टेबलावर नकाशा पसरला. नगरसेवक, त्यांचे भाऊबंद, दारात उभे असलेले दुकानदार — तोवर बरीच चेष्टामस्करी चालली होती. "भिया, पहले नाली तो साफ करवा दो, फिर रेल लाना!" असं कुणीतरी मागून ओरडलंही. मग कुणाला तरी ती रेघ दिसली. कुणीतरी आपल्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं. आणि सगळे गप्प झाले.

ती शांतता मला अजून नीट सांगता येत नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना लोक असे गप्प होतात. आपलं गाव नकाशावर आहे हे त्यांना ठाऊक होतं. कुणीतरी दूर बसून त्याचा विचार केलाय, हे नवीन होतं. मंदाताईंनी चष्मा चढवला, रेघेवरून बोट फिरवत शेवटापर्यंत आणलं, आणि मला विचारलं, "करंदीकरजी, स्टेशन कुठे येणार?"

मी बोट ठेवलं. त्या नकाशाच्या मापात माझं एक बोट म्हणजे अर्धं गाव. कुठेही ठेवलं असतं तरी चाललं असतं. मंदाताई वाकल्या आणि म्हणाल्या, "ही तर शाळेमागची जागा." मी म्हणालो, "हो, तीच."

का म्हणालो? तिथे 'नक्की नाही' म्हणता आलं असतं. 'अजून ठरायचंय' म्हणता आलं असतं. पण ठराव हवा होता, आणि — खरं सांगू? — इतके लोक माझ्या बोटाकडे असे बघत होते, की ते बोट मला उचलवेना.

त्यांनी चष्मा उतरवला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "तो फिर अभ्यासिका रहने दो. जागा स्टेशनाला ठेवू. पोरी रेलनेच जातील इंदूरला, आणि उजेडात परत येतील." ठराव एकमताने झाला. मला पोहे दिले, वर शेव जरा जास्तच घातली. मी ते खाल्ले.

दिल्लीला गेलेल्या नकाशात ती रेघ नव्हती. तिथे तुटक रेघेवरून प्रश्न विचारतात. ती खोडायला मला फार वेळ लागला नाही.

त्यानंतर मी ती कंपनी सोडली, इंदुरातच विजय नगरला दुसरीकडे लागलो. लाइट रेलचा प्रस्ताव फिरत राहिला. अजूनही बहुधा कुठेतरी फिरत असेल. दरम्यान शहरात मेट्रोचे खांब उभे राहिले. मी त्यांचीही भरपूर टिंगल केली. मग एका सकाळी सिग्नलला थांबलो असताना डोक्यावरून गाडी गेली — फारसा आवाज न करता, उन्हात चकाकत. शेजारच्या स्कूटरवरची बाई हेल्मेट वर करून बघत राहिली, सिग्नल सुटला तरी. मागचे हॉर्न वाजवायचे थांबले. इंदुरात हे घडतं यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्या तोंडून एकही खवचट वाक्य निघालं नाही. मला सभागृहातली ती शांतता आठवली.

पुढे काही महिन्यांनी धारला एका लग्नाला निघालो होतो. गाडी आपोआप त्या गावात वळली असं लिहिणार होतो. आपोआप नाही. मी वळवली.

शाळेमागची जागा रिकामी होती.

तुम्ही आपल्याकडच्या गावात राहिला असाल तर या वाक्याचा अर्थ कळेल. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे उद्याचं दुकान, नाहीतर परवाचं देऊळ. इथे टपरी नव्हती, उकिरडा नव्हता, कुणाची ट्रॉलीसुद्धा उभी नव्हती. कुंपण नाही, पाटी नाही. एका बाजूला मुलं क्रिकेट खेळत होती, आणि स्टंप म्हणून विटा रचल्या होत्या. मी विचारलं तर एकजण म्हणाला, "गाडना मना है अंकल. स्टेशन की जगह है." रस्त्याच्या कडेने कडुलिंबांची रांग होती. दुमजली घराएवढी उंच झालेली झाडं.

माझ्या एका बोटाखालची जागा एका गावाने इतकी वर्षं राखली होती. मी आयुष्यात एवढं मोठं काही पाहिलेलं नाही. उद्घाटनांत तर नाहीच.

गाडी थांबलेली बघून मंदाताई काठी टेकत आल्या, मला लगेच ओळखलं. त्या आता अध्यक्ष नाहीत. अभ्यासिका का नाही झाली, या प्रश्नावरच पुढची निवडणूक हरल्या. ज्या मुली तेव्हा नववीत होत्या त्यांची लग्नं झाली, दोघी-तिघी तेवढ्या शिकल्या, हे त्यांनीच सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हालहवाल म्हणून. झाडांबद्दल मात्र अभिमानाने बोलल्या: "मी लावली. उतरणाऱ्यांना सावली नको का?"

मग त्यांनी विचारलं, "काय हो करंदीकरजी, कधी?"

आवाजात संशय नव्हता. माझ्यापुढे नकाशा नव्हता, साहेब नव्हते, ठराव नको होता. माझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. आणि त्या क्षणी त्यांना खरं सांगितलं असतं, तर निदान तिथे उद्या काही बांधता आलं असतं. वर्गात नव्या मुली होत्याच.

मी म्हणालो, "फाइल पुढे गेलीय, ताई. आता फार वेळ नाही."

पहिलं खोटं मी नोकरीसाठी बोललो. हे दुसरं फुकट बोललो, त्यांचा चेहरा पडताना बघायला नको म्हणून. त्यांचा म्हणतोय खरा — पडला असता तो माझाच.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी गाडीच्या किल्ल्या शोधू लागलो. त्यांनी वळून त्या मुलांना हाक मारली, "सुना क्या? आता वेळ नाही! त्या बाजूलाही झाडं लावायची आहेत, उद्या खड्डे खणायला या सगळे!"

त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. झाडं लावली असतील. मंदाताई बोललेलं करतात.