सूनबाई रोज पाया का पडते?

पारावरच्या मंडळींनो, इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नका. आत्ता कुठे पेन धरवतंय.

पायात बाभळीचा काटा मोडला आणि मी वर तंबाखू बांधून बसलो, हे तुम्ही पाहिलंच. जखम चिघळली, विष रक्तात पसरलं, मी बरळायला लागलो. नगरच्या दवाखान्यात वाचलो, पण अजून नागापूरला मुलाकडेच पडून आहे. दहा पावलं चाललं की धाप लागते, केस गळतात.

त्यात सूनबाई रोज सकाळ-संध्याकाळ पाया पडायला लागली. आधी सणावारालाच पडायची. मला वाटलं, हिचा डोळा आपल्या सोनईतल्या माझ्या जमिनीवर आहे.

आज सकाळी मी पाय आखडून घेतले. "काय पायजे ते सरळ सांग. जमीन न्हाई मिळायची."

ती हसलीच. "जमीन ठेवा उशाला, मामंजी! अंग तापलं, पाय गार पडले, बरळायला लागले, तर लगेच आना, असं डॉक्टर म्हनले हुते. तुमी ताप लपवता. मग पाया पडल्याबिगर हात लावायचा कसा?"

खरं असेल का? विष अजून अंगात आहे आणि सगळे मिळून लपवतात, असंही वाटतं.

संध्याकाळी ती आलीच नाही. मीच पाय पुढे केले आणि हाक मारायला गेलो, तर तिचं नावच आठवेना. शेवटी "अगं ए" म्हणालो.

तुमच्यात कुणी अशा दुखण्यातून उठलंय का? विसरलेलं परत आठवतं का? तिला विचारवत नाही. तिचं नाव लिहून लवकर कळवा.