ओल्या दोराचं इंजिन

इंजिन माझ्या नवऱ्याच्या मांडीवर येऊन थांबलं. पाचरीचं काम त्याच्या मांडीनं केलं. मालगाडीच्या सपाट, कठडे नसलेल्या वाघिणीवर तो पालथा पडला होता. त्याच्या पलीकडे हातभर जागा, मग वाघिणीची कड आणि खाली रूळ. इंजिन आणखी सरकलं असतं तर दोघंही खाली गेले असते. तो मला ओरडून सांगत होता, "पाचर घाल वं! पाहून काय राह्यली, पाचर घाल!"

हे इंजिन खरं नव्हतं, नमुना होता. वाशीमच्या एका कापसाच्या जिनात एक मुसलमान मिस्तरी होता. त्यानं दोन वर्षं खपून आगगाडीच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल केली होती. बैलगाडीएवढी लांब, सगळी लोखंडाची, वर तांब्याचं धुराडं, अंगाला लाल रंग. पाणी भरून जाळ घातला की ते चालायचंही. अकोल्याला प्रदर्शन भरणार होतं, तिथं ते न्यायचं होतं. बंद डब्याच्या दारातून ते आत जाईना, म्हणून स्टेशनातल्या मालबाबूनं सपाट वाघीण दिली. बारा माणसांनी फळ्यांवरून ढकलून ते सकाळीच वर चढवलं.

माझा नवरा सुतार आणि मिस्तरीचा दोस्त, म्हणून बांधायचं काम त्याच्याकडे आलं. मालबाबू साखळ्या द्यायला तयार होता. मिस्तरीनं त्या घेतल्या नाहीत.

"साखळीनं चोर बांधतेत, सुतारभाऊ. रंग खरचटला तं अकोल्यात तोंड काय दाखवू?"

मग दोर घ्यायचे ठरले. अंबाडीचे दोर आमच्या घरी मीच वळायची, तेच घेऊन मीही स्टेशनावर गेले होते. नवरा म्हणाला, "भिजवून आन. वाळले का आवळतीन."

तो गाडीच्या आणि वखराच्या जोडांना चामड्याची वादी ओली करून बांधायचा. ती वाळली की अशी आवळते की सुरीशिवाय निघत नाही. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी म्हटलं, "वादी अन् दोर एक आहे का? विहिरीवरचा दोर भिजला का आखडते, वाळला का लांबते. पानी रोज मी शेंदतो का तुमी?"

"तुले इचारलं का? सुतार कोन आहे, मी का तू?"

मिस्तरी हसला. "भाभी, वाघिणीच्या पाठीवर बकरी बांधून राह्यलो आमी. मंतर येत असंन तं म्हना, नाही तं पानी आना."

मी उठले. दोर हौदात बुडवले आणि आणून दिले. माहीत असून दिले.

त्यांनी ते बांधले तेव्हा इतके ताठ होते की बोटानं छेडले तर वाजत. चाकांपुढं पाचरी ठेवल्या, पण ठोकल्या नाहीत. दोरावर भरवसा होता. मग आम्ही लिंबाखाली बसून भाकर खाल्ली. वैशाखातलं ऊन. मालगाडी यायला अवकाश होता. जेवण होईपर्यंत दोर पांढरे पडले. मी उठून पाहिलं तर मधला दोर चांगला वीतभर लोंबत होता.

मी म्हटलं, "या दोरावर आता धोतर वाळू घाला."

नवरा उठला. हातोडा घेऊन वर चढला आणि पाचरी ठोकायला पुढच्या चाकांपुढं आडवा झाला. तेवढ्यात गाडी आली आणि तिचं इंजिन आमची वाघीण जोडून घ्यायला मागं आलं. वर माणूस आहे हे त्याच्या ड्रायव्हरला दिसलं नाही. धक्का मोठा नव्हता. पण दोर सैल होते, आणि नमुना पाचरीवरून उडून पुढं गेला.

मिस्तरीनं फलाटावर पडलेली पहार उचलून चाकाखाली घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. लाल रंगाची सालपटं निघाली, त्यानं तिकडं पाहिलं नाही. मी लुगडं खोचून वाघिणीवर चढले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई चढली, बाई!" चाक चार बोटं उचललं गेलं. मी पाचर आत सारली आणि हातोड्यानं ठोकली. दोन हमालांनी नवऱ्याला काखेत धरून ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

मालबाबू धावत आला. दोरातून पाणी गळताना त्यानं सकाळी पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "ते पाणी कोणी टाकलं?"

नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "म्या."

मिस्तरी म्हणाला, "बाबूजी, साखळ्या मी घेतल्या नाही. माझं नाव लिहा."

मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

नमुना दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. या वेळी साखळ्यांनी बांधला आणि साखळ्यांखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या. गोणपाट घातलं की रंग खरचटत नाही. आदल्या सकाळी हे तिघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. पुढच्या चाकाशी रंग गेला होता, तो तसाच घेऊन मिस्तरी अकोल्याला गेला.

नवऱ्याला मी बैलगाडीत कडबा पसरून रिसोडच्या हाडवैद्याकडे नेलं. वाटभर तो कण्हत होता, आणि मधेच एकदा म्हणाला, "विहिरीचा दोर कितीक आखडते?"

"चाळीस हाताचा असंन तं दोन हात."

"मंग सकायी जोरात काहून नाही बोलली?"

"जोरातच बोलली होती."

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन महिने तो अंथरुणावर होता. पाय दोन बोटं आखूड राहिला. नवरा वाचला, आणि त्या पायावर पुढं सव्वीस वर्षं चालला.