धामणीचा रहिवासी दाखला

घरातून निसटलेला विदेशी पाळीव साप आपल्याकडच्या जीवजंतूंना धोकादायक ठरतो काय, एवढाच प्रश्न मला तपासायचा होता. आयुष्यभर विज्ञान शिकवले असल्यामुळे तो मी टाळू शकलो नाही. शिवाय तो सानगडीत, आमच्या शेजारीच उपस्थित झाला होता.

शेजारी धानाचे व्यापारी. त्यांचे जावई वरठीला राहतात. दिवाळीत बाहेरगावी जाताना जावयांनी आपला आफ्रिकी अजगर, मनगटाएवढा जाड आणि दोन हात लांब, डब्यात घालून सासऱ्यांकडे ठेवला. तिसऱ्या दिवशी डबा होता, झाकण होते, अजगर नव्हता.

तो तलावातले मासे, मग बदके आणि क्रमाने शेळ्या संपवील, असे गावात ठरले. मी शाळेच्या फळ्यावर त्याची आकृती काढून लक्षणे लिहिली. पहिले लक्षण 'रंग तपकिरी' असे लिहिले, ही माझी चूक. पुढची लक्षणे वाचायला कोणी थांबले नाही. लोक काठ्या घेऊन धानाच्या बांध्यांत उतरले.

माझी चिंता वेगळी होती. माझ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक धामण राहते. शेपटीचे टोक तुटलेले. धानातले उंदीर तीच आवरते, आणि तीही तपकिरीच.

दुसऱ्या दिवशी दोन शेतकरी तिलाच दुधाच्या कॅनमध्ये घालून माझ्या अंगणात आले. ही इथलीच आहे, असे मी सांगितले. व्यापारी कॅनमध्ये डोकावून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमच्या सापापाशी सरकारी कागद आहे. तुमच्या धामनीपाशी काय आहे?"

हे सगळ्यांना रास्त वाटले. मी वहीचे पान फाडून लिहिले: 'दाखला देण्यात येतो की, सदर धामण ही येथील कायम रहिवासी असून तिची वर्तणूक चांगली आहे.' खाली सही केली. दोघांनी तो वाचून खिशात ठेवला आणि धामण धुऱ्यावर नेऊन सोडली.

मग रांग लागली. बादल्या, मडकी, एकदा तर हेल्मेट. एकजण बादली लांब धरून म्हणाला, "देसी का विदेसी ते सांगा गुरुजी, मले धान कापाले जाचं आहे. अन् दोन परती द्या, वाटेत कोनी अडवलं तं." नागाचा दाखला मी ओट्यावरूनच, झाकण न उघडता दिला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

एक दिवड, तलावातला बिनविषारी साप, मात्र मेलेलीच आली. आणणाऱ्याने तिचाही दाखला मागितला. तो लिहिताना माझे अक्षर बिघडले.

बाराव्या दिवशी अजगर व्यापाऱ्यांच्या फ्रिजमागे, उबेला बसलेला सापडला. त्यांनी त्याच्यापुढे गावठी उंदीर सोडला. अजगराने डोके आत घेऊन अंगाचा गोळा केला. उंदीर काही वेळ त्या गोळ्यावर बसला आणि निघून गेला.

एका अजगरावरून नियम बांधू नये. काही देशांत सुटलेल्या अजगरांनी तिथले प्राणी खरोखरच घटवले, असे मी वाचले आहे. सानगडीत मात्र त्याने काहीच खाल्ल्याचे आढळले नाही, आणि दिवड आम्ही मारली.

कापणी संपल्यावर धुऱ्यावर सापाची कात मिळाली. तिचे शेपटीकडचे टोक बोथट होते. ती मी वहीत ठेवली आहे. ही नोंद एका गावाची आणि बारा दिवसांची आहे. आपल्या गावी असे घडल्यास कोणी कोणाला मारले, ते वाचकांनी स्वतः मोजून पडताळून पाहावे, ही विनंती.