गठ्ठ्याच्या पोटातली मूठ

कुवेतमधल्या अम्गराच्या चारा-यार्डात मी किती जणांवर हात उचलला ते आठवत नाही, पण त्यातला एक माणूस मला रोज आठवतो.

गवताच्या धंद्यात मारामारी कसली, असं कुणाला वाटेल. त्याने ईदच्या आधी, जहाज अडकलेलं असताना तिथे येऊन उभं राहावं. कुवेतमध्ये जनावरांच्या तोंडी जाणारा चारा बहुतेक बाहेरून येतो. तो आला नाही की सकाळचा भाव दुपारी राहत नाही आणि माणसं एकमेकांना कॉलर धरून ट्रेलरवरून खाली ओढतात. एका ड्रायव्हरचा कान हमालाच्या लोखंडी हुकात फाटलेला मी पाहिला आहे. त्याने तशाच कानाने गाडी भरून नेली.

भाव ठरायचा प्रतीवर आणि प्रत ठरवायचो मी. माल असायचा वाळवलेला लसूणघास, इथे त्याला जत म्हणतात. हिरवागार, पानं काडीला धरून राहिलेली, काडी बारीक, तो पहिल्या प्रतीचा. उन्हाने पांढरा पडलेला, पानं झडलेला, तो दुसऱ्या. ओला बांधल्यामुळे आतून तापून बुरसलेला, तो तिसऱ्या, आणि तो मेंढरांच्या पोटात गेला तर घात. गोम अशी, की तिसऱ्या प्रतीचा गठ्ठा बाहेरून पहिल्यासारखाच दिसू शकतो. म्हणून मी सुरीने दोऱ्या कापायचो, गठ्ठ्याचं पोट फाडायचो, कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ उपटायचो आणि नाकाला लावायचो. चांगल्या मालाला चहाच्या पुड्यासारखा वास असतो. बुरशीचा वास घशात बसतो.

मग कोरोनाची साथ आली. ताप उतरला, पण वास परत आला नाही. मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर सुरी काढून घेतली असती आणि भर उन्हात गठ्ठे वाहायला लावलं असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कोकणातून गवंडी म्हणून आलेला मी तिथे कुणीतरी झालो होतो आणि मला ते सोडायचं नव्हतं.

मामांनी मात्र ओळखलं. मामा माझ्या खोलीतले, बीडकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. गावी त्यांनी जन्मभर म्हशी पाळल्या. शेजारच्या भंगाराच्या यार्डातून मीच त्यांना गठ्ठे रचायच्या कामाला आणलं होतं. एकदा शेगडीवर डाळ करपून काळी झाली तरी मी शेजारी मोबाईल बघत बसलेला त्यांना दिसलो. त्यांनी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठा सरळ करायच्या निमित्ताने ते फाडलेल्या गठ्ठ्यावर वाकून वास घेऊ लागले. मग त्यांनी आपला हूक खांद्यावर टाकला की पहिली प्रत, हातात धरला की दुसरी, जमिनीत रोवला की तिसरी. दोन वर्षं मी त्या हुकाकडे बघून प्रती ठरवल्या. या गोष्टीवर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मला मात्र त्या उपकाराचं ओझं व्हायचं आणि मी मामांवरच डाफरायचो.

ईदच्या आधीचा तो दिवस होता. बाजारात माल नव्हता. एक ट्रेलर आला आणि आमच्या अरबाबसमोर, म्हणजे मालकासमोर, मी गठ्ठा फाडला. आत हिरवी पानं होती. मामांनी वाकून हुंगलं आणि हूक जमिनीत रोवला. तेवढ्यात ट्रेलरचा ड्रायव्हर हसत हिंदीत म्हणाला, हा साहेब मालाकडे बघतो की म्हाताऱ्याच्या हुकाकडे? सगळे हसले. अरबाब हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने सांगितलं, पहिली प्रत.

दोन वर्षांत मामा या गोष्टीवर पहिल्यांदा बोलले. "दादा, आतून बुरशी हाय. ह्यो माल घेऊ नका."

मी वळलो आणि त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. नाकाचं हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. ते मागे पडले आणि त्यांचं डोकं ट्रेलरच्या लोखंडी कडेवर आपटलं. फाडलेल्या गठ्ठ्यावर रक्त सांडलं. ते उठून बसत असताना मी त्यांच्या कमरेत लाथ घातली. मला लाज वाटत होती आणि लाज वाटत होती म्हणूनच मी मारत होतो. मग माल पहिल्या प्रतीच्या भावाने उतरवला गेला आणि त्यातला निम्मा एका मेंढीवाल्याने माझ्या शब्दावर नेला.

चौथ्या दिवशी सकाळी तो मेंढीवाला परत आला. त्याच्या पिकअपमध्ये पोटं फुगून मेलेल्या मेंढ्या होत्या. त्याने एक ओढून माझ्या पायांवर टाकली आणि काठी काढली. पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा मानेवर. मग माझे केस धरून त्याने त्याच मालाच्या फोडलेल्या गठ्ठ्यात माझं तोंड दाबलं. ओरडून विचारलं, सांग, कसला वास येतोय?

काड्या डोळ्यांत घुसल्या. सवयीने मी मान वळवून मामांचा हूक शोधला. मामा नाकावर पट्टी लावून उभे होते आणि हूक त्यांच्या पायाशी नुसता पडला होता. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला दोन वर्षं वास येत नाही, प्रत हे मामा सांगायचे. त्यावर आणखी दोन फटके बसले आणि ते मला हवेसेच वाटले.

अरबाबने माझ्या कमरेची सुरी काढून मामांपुढे धरली. आजपासून तू, असं म्हणाला. मामांनी सुरी घेतली, पुढे येऊन गठ्ठ्याच्या पोटातली मूठ उपटली आणि पट्टी सरकवून नाकाला लावली. तळहातावर चोळून ती पुन्हा हुंगली. मग मूठ खाली टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला बी काई कळंना, दादा," ते म्हणाले. "त्या दिवसापासून."