पासपोर्टवरची बाई

माझ्या पासपोर्टवरचं नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं ते लिहिलं, भटजींनी मोठ्यानं वाचलं, बायका हसल्या. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी मान खाली घालूनच बसले असते. त्या दिवसापासून मी ती झाले.

पुढं नवऱ्याला मस्कतला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. त्यानं मला आणि लेकीला तिकडं नेलं. माझा व्हिसा त्याच्या आधारावर होता. मागच्या वर्षी, दोन महिने माहेरी राहून ये, म्हणून त्यानं मला विमानात बसवलं. लेकीची शाळा बुडते म्हणून तिला ठेवून घेतलं. महिन्याभरानं दादाच्या फोनवर निरोप आला की व्हिसा रद्द केलाय, आता पाठवू नका. भांडण असं काही झालंच नव्हतं. दादानं कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, ती बोलत नाही, घरात दगड ठेवल्यासारखं वाटतं.

तेव्हापासून मी कदमवाडीत दादा-वहिनीजवळ राहते. काडीमोड झालेला नाही, पण संसारही नाही.

शुक्रवारी तिकडं सुट्टी असते, तेव्हा लेक व्हिडिओवर फोन करते. ती नऊ वर्षांची आहे. तिच्या पाठीमागं स्वयंपाकघर दिसतं. माझे डबे मी लावले त्याच ओळीत आहेत. ओट्यावरचं फडकं घडी करून नळावर टाकलेलं असतं, तशी घडी मीच घालते. नवऱ्याला फडकं पिळायचंसुद्धा माहीत नाही. मी एकदा लेकीला विचारलं, स्वयंपाक कोण करतं? ती म्हणाली, बाबा डबा मागवतात. मग फडक्याची घडी कोण घालतं, हे मला विचारवलं नाही. लेकीनंच घातली असेल, मला बघून शिकली असेल. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं की त्या नावाची बाई तिकडंच राहिली आहे. विमानात बसले ती कुणी दुसरीच. भाजी निवडता निवडता मला तिचं चालणं ऐकू येतं. ती लेकीची वेणी घालते. मी इथं बसून तिचा हेवा करते.

मस्कतला आमच्या वरच्या मजल्यावर मिरजेकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या घरी म्हातारी माणसं आली, स्वयंपाकाला बाई हवी होती. त्या घरच्या ताईंनी मला विचारलं, कामाचा व्हिसा आम्ही काढतो, येतेस का? मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच मी आयुष्यात कशालाच हो म्हटलं नसेल. लेक त्याच इमारतीत, एक जिना खाली.

पण माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. आधी तो नवा करायचा, मग व्हिसाचा अर्ज. दादा म्हणाला, "नवा करायचाच हाय तर त्याचं नाव कशाला? आपल्या घरचं नाव लाव की. त्यानं टाकलं तुला, आणि तू त्याचीच पाटी गळ्यात घालून त्याच्या दारात जाणार व्हय?"

मलाही तेच वाटत होतं. त्या बाईला तिकडंच सोडून द्यावं आणि आपण आपल्या नावानं जावं.

माहेरच्या नावाचा कागद एकच निघू शकत होता, शाळेचा दाखला. आम्ही हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. शाळेतल्या क्लार्कनं दादाला विचारलं, कुठलं पावणं? दादानं सांगितलं. मग माझ्याकडं बघून तो म्हणाला, चौथीत शाळा सोडली आणि आता आठवण झाली व्हय बाई? रजिस्टर कपाटाच्या तळाशी होतं. त्यानं बोट फिरवत फिरवत ती ओळ काढली. माझं नाव, वडिलांचं नाव, अभ्यास बरा, वर्तन चांगले, शाळा सोडण्याचे कारण घरकाम.

त्या नावानं मला हाक मारणारं आता दादाशिवाय कुणी उरलेलं नाही. मला वाटलं होतं नाव बघून बरं वाटेल. पण ती नऊ-दहा वर्षांची मुलगी रजिस्टरातून माझ्याकडं बघते आहे, आणि तिला मी कोण ते कळत नाही, असं झालं. तिला लेक नाही, लग्न नाही. ती मस्कतला जाऊन काय करणार?

दाखला आणि जुना पासपोर्ट घेऊन आम्ही कोर्टाजवळच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसले. म्हणाले, यात काय नवल, आमच्या बायकोचीबी दोन नावं हायती, एका नावानं माहेरी जाते आणि दुसऱ्या नावानं भांडते. प्रतिज्ञापत्र करू, पेपरात जाहिरात देऊ, या दोन्ही नावांची बाई एकच, असं लिहून देऊ. थोडा वेळ लागंल. दादा खूश झाला. वकिलांनी कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"मुलीच्या पासपोर्टावर आईचं नाव कुठलं हाय?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, तेच. तिचं... त्यानं ठेवलेलं.

"मग असं बघा ताई. उद्या नवरा म्हणाला, मुलीला भेटायचं न्हाई. तुम्हाला तिथल्या सरकारी हापिसात जावं लागंल. मुलीच्या कागदावर आई एक, आणि समोर उभी ऱ्हायलेली बाई दुसरीच. आमचं प्रतिज्ञापत्र इथं चालंल. तिथं ते कुणाला समजावून सांगणार? तुम्ही तर माझ्यासमोरच बोलंना झालायसा."

दादा चिडला. म्हणाला, बघू ते तवाचं तवा, तुम्ही लिवा. वकील माझ्याकडं बघत राहिले. कारकुनाचा हात थांबला होता. मला सांगायचं होतं की ते नाव मला नको आहे, त्या नावानं कुणी हाक मारली की दुसऱ्याच कुणाला बोलावलं असं वाटतं.  पण मी फक्त म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तेच नाव ऱ्हाऊ द्या."

येताना दादा रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. वहिनीनं चहा पुढं ठेवला तेव्हा तिला म्हणाला, हिला अजून त्याचीच ओढ हाय. मी दाखला कपाटात ठेवायला उठले.

पासपोर्टच्या ऑफिसात पतीच्या नावाचा रकाना आला. ठेवायचं का, असं खिडकीतल्या मुलीनं विचारलं. मी हो म्हटलं. फोटोत माझ्या कपाळावर कुंकू नाही, आणि खाली तिचं नाव.

आता तो पासपोर्ट व्हिसासाठी एजंटकडं गेला आहे. लेकीला मी सांगितलेलं नाही, बापाच्या कानावर जायला नको. व्हिसा येईल असं एजंट म्हणतो. आला की मी त्या इमारतीत जाईन, नवरा कामावर असताना एक जिना खाली उतरेन आणि बेल वाजवीन. हे मी मनात रोज करून बघते. रोज आतून पावलं ऐकू येतात. ती लेकीची नसतात, मोठ्या बाईची असतात, भाजी निवडताना ऐकू येतात तीच, सावकाश चालणारी. ती कडी काढते, आणि दार उघडायच्या आत मी माघारी फिरते.